शीतलता पंधरवडा : एक समाधानकारक अहवाल

उन्हाळ्यात मनुष्याचे शरीर थंड आणि मन संतुलित राहावे यासाठी सर्वांत आधी एक समिती लागते, हे आता सर्वमान्य झालेले आहे. पाणी, सावली, ताक वगैरे गोष्टी त्यानंतर येतात. समिती फारच चांगली असेल तर येतही नाहीत.

दोसो प्रांताची समिती फारच चांगली होती. तिचं नाव 'प्रादेशिक शीतलता व संतुलन समिती'. सदस्य एकवीस, खुर्च्या चौदा, वातानुकूलन यंत्र एक. हे यंत्र अध्यक्ष किम्बासाहेबांच्या खोलीत असल्यामुळे साहेब बारा महिने संतुलित असत. उरलेल्या वीस जणांचं संतुलन एप्रिलमध्ये जरा ढळायचं, पण साहेबांची सही घ्यायला त्या खोलीत जाऊन ते सावरून घेत. (एप्रिलमध्ये एका सहीला सरासरी पंचेचाळीस मिनिटं लागत. जानेवारीत हीच सही दोन मिनिटांत होते. जाणकारांनी यावर अभ्यास करायला हरकत नाही.)

समितीचे चिटणीस सेयनी गादो. वय अठ्ठावन्न, अक्षर मोत्यासारखं, आणि मसुदा लिहिण्यात अख्ख्या प्रांतात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. उष्म्यापासून बचावाचे अकरा नियम त्यांनीच लिहिले. नियम खरोखर चांगले होते, यात थट्टा नाही. सैल, सुती, पांढरे कपडे वापरावेत (नियम २). अकरा ते चार या वेळेत उन्हात जाऊ नये (नियम ३). तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी प्यावे (नियम ४). दुपारी जड जेवणाऐवजी ताकात कालवलेली बाजरी घ्यावी (नियम ६, हा नियम लिहिताना सेयनी स्वतः बकऱ्याचं भाजलेलं मटण खात होता, पण ते मसुद्यात दिसत नाही). आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम ९ : 'घाम येणे अचानक थांबल्यास ती धोक्याची खूण समजून तत्काळ आपल्या वरिष्ठांना कळवावे.' या नियमाखाली सेयनीने स्वतः पट्टी लावून दोन रेघा मारल्या होत्या.

कार्यालयाच्या दारात एक जुना कडुलिंब होता आणि त्याच्याखाली दोन मातीचे रांजण. रांजण देलूचे. म्हणजे कागदोपत्री समितीचे, पण एकतीस वर्षं ते भरत होती देलू, धूत होती देलू, आणि त्यांच्या बुडाखाली ओली वाळूही तीच घालत होती. कामासाठी ताटकळणारी माणसं त्या कडुलिंबाखाली बसून तिच्या हातचं गार पाणी प्यायची. एवढ्या काळात समितीने प्रत्यक्ष कुणाला थंड केलं असेल तर ते देलूच्या हातून, पण ही बाब कुठल्याही अहवालात आलेली नाही.

देलू मावरी जमातीची आणि सेयनी जर्मा जमातीचा. मावरी आणि जर्मा ही दोन सख्ख्या बहिणींची लेकरं, त्यामुळे त्यांचं नातं थट्टेचं. मावरीने जर्माला गुलाम म्हणायचं, जर्माने मावरीला. एकमेकांच्या खाण्याचा, आळसाचा आणि सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि रागवायचं मात्र कुणीही नाही. रागावला तो हरला. या नात्यामुळे आमच्याकडे किती डोकी फुटायची वाचली आहेत, त्याची गणती नाही.

रोज सकाळी सेयनी फाटकातून आत आला की देलू ओरडायची, "उगवला का गं बाई माझा गुलाम?"

"उगवलो. मालकाला पाणी दे."

"आधी तोंड धुऊन ये. तुझं तोंड बघितलं तर रांजणातलं पाणी नासेल."

"तुझ्या हाताने नासलं नाही एकतीस वर्षांत, आता कशाने नासतंय?"

मग ती पाणी द्यायची आणि तो प्यायचा. एखाद्या सकाळी शिवी चुकली तर सेयनीला दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं व्हायचं. बायकोशी तो महिन्यातून चार वाक्यं बोलत असेल. देलूशी रोज चाळीस.

सेयनीचा बाप वारला तेव्हा याच देलूने दारात आडवं पडून तिरडी अडवली होती. "हा म्हातारा माझा गुलाम! मालकिणीला न विचारता निघाला कुठे?" रडणारी माणसं रडता रडता हसायला लागली. सेयनीने रिवाजाप्रमाणे तिच्या हातावर कोलाची सुपारी, म्हणजे आमच्याकडचा मानाचा विडा, ठेवली, तेव्हा कुठे बाई उठल्या. दोन दिवस छातीवर बसलेला धोंडा त्या हसण्याने उतरला, हे सेयनी कुणाला बोलला नाही, पण विसरलाही नाही. मरण्याचं सोंग हा देलूचा हातखंडाच होता. गेल्या वर्षी तपासणीच्या दिवशी ती रांजणाशेजारी डोळे पांढरे करून पडली, आणि जर्मा तपासनीस घाबरून वाकला तसा तिने त्याची टोपी पळवली. तपासनीसाने हसत हसत शेरा दिला : समाधानकारक.

तर या वर्षी समितीने शीतलता पंधरवडा साजरा करायचं ठरवलं. उद्घाटनाला राजधानीहून पाहुणे येणार होते. चौदा एप्रिल, सकाळी अकरा, स्थळ : खेळाचं मैदान. कडुलिंबाखाली कार्यक्रम घ्यावा अशी एक सूचना आली होती, पण झाडाची सावली फोटोत चेहऱ्यांवर पडते, म्हणून ती फेटाळण्यात आली.

एका नवख्या सदस्याने विचारलं, "साहेब, पण अकरा ते चार उन्हात जाऊ नये, असं आपल्याच नियम तीनमध्ये..."

किम्बासाहेबांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. "नियमांचं उद्घाटन झालंय का?"

"नाही, साहेब."

"मग ते लागू कसे होतील?"

सभेने हा मुद्दा टाळ्या वाजवून मान्य केला. असं बोट ठेवायला अक्कल लागते, आणि ती बावीस अंशांवर जास्त चांगली चालते.

सुती कापडावर घोषणा छापून सगळ्यांना पोशाख शिवून द्यायचं ठरलं होतं. सुती कापड वेळेवर आलं नाही, म्हणून जाड नायलॉनचं घेतलं. छातीवर 'थंड राहा, संतुलित राहा' आणि पाठीवर तापमापकाचं चित्र. अधिकाऱ्यांना मात्र पाहुण्यांच्या मानाप्रमाणे कोट, जाकीट आणि टाय. रांजणही मैदानावर हलवण्यात आले. मातीचा लाल रंग सरकारी दिसत नाही, म्हणून त्यांना पांढरा तैलरंग देऊन वर 'शीतल जल केंद्र' असं लिहिलं.

देलूने कपाळावर हात मारला. "अरे गुलामांनो, माठाला रंग फासलात? त्याला घाम आला तर पाणी गार होणार ना! तुम्ही त्याचं अंगच बुजवलंत."

"मावरी आता आम्हाला माठ शिकवणार," सेयनी म्हणाला. सगळे हसले. रंग वाळला.

राहता राहिलं पाणी. पाण्याचंही उद्घाटन व्हायचं होतं. पहिला पेला पाहुण्यांनी प्यायचा आणि मग जनतेने, असा क्रम सेयनीने स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिला, आणि आदल्या दिवशी दोन्ही रांजणांच्या तोंडांना हिरवी फीतही त्यानेच बांधली. गाठ पक्की बसली होती.

चौदा तारखेला सकाळी साडेदहाला मैदान भरलं. हजेरी ६१२. तापमान ४४. (हे सावलीतलं. मैदानात सावली नसल्यामुळे तिथलं मोजता आलं नाही.) मंडप एकच होता आणि त्यात किम्बासाहेब आणि पाहुण्यांची रिकामी खुर्ची बसली होती. देलू नायलॉनचा पोशाख घालून बंद रांजणांशेजारी हातात पितळी पेला घेऊन उभी होती. तशी उभी राहावी असं कार्यक्रमपत्रिकेत होतं.

अकरा वाजले. पाहुणे निघालेले नव्हते. बारा वाजता कळलं, की पाहुणे निघण्याच्या तयारीत आहेत. मधल्या वेळेचा सदुपयोग म्हणून एका व्याख्यात्याने दीर्घ श्वसनाचं प्रात्यक्षिक दिलं. सहाशे बारा माणसांनी भट्टीतली हवा नाकाने आत घेतली, दहा अंक मोजेपर्यंत रोखली आणि तोंडाने सोडली. मनाच्या संतुलनासाठी हे उत्तम असतं.

बारा चाळीसला सेयनी रांजणांजवळून जात होता. देलूने हाक मारली.

"ए गुलामा! माझा घाम संपला बघ. मावरीचा घामसुद्धा प्यायलात ना रे तुम्ही जर्मांनी, एक थेंब ठेवला नाहीत!"

"तुला घाम होता कधी?" सेयनी म्हणाला. "तो काम करणाऱ्यांना येतो, बाई."

आजूबाजूच्या दीडदोनशे माणसांत हशा पिकला. उन्हाने सुकलेले चेहरे क्षणभर टवटवीत झाले. सेयनीलाही बरं वाटलं, आणि तो पुढे गेला.

दीड वाजता देलू आपली जागा सोडून मंडपापाशी आली. चाल जरा वेडीवाकडी होती. किम्बासाहेबही जर्माच, त्यामुळे त्यांच्याशीही तिचं सगळं बोलणं माफ.

"अहो थोरले गुलाम," ती म्हणाली, "मालकिणीला पेलाभर पाणी पाजा. रांजण माझा, पाणी मी भरलं, आणि जीभ माझीच टाळूला चिकटली. का दोसोचे जर्मा आता मावरीला वाळवून खाणार?"

किम्बासाहेबांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "ऐका हो ऐका! मावरी तहानली! मावरी तहानली म्हणजे जर्मांचा सण! आज कुणीही हिला पाणी दिलं तर तो जर्मा नव्हे!"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. देलू नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि तेही सगळ्यांना फार मजेशीर वाटलं. सेयनीने टिपणवहीत नोंद केली : '१.३० : पारंपरिक विनोदाचा उत्स्फूर्त कार्यक्रम. प्रतिसाद उत्तम.'

सव्वादोनला ती पुन्हा रांजणाशी होती. सेयनी कार्यक्रमपत्रिका घेऊन शेजारून गेला. तिने त्याची बाही धरली.

"सेयनी," ती म्हणाली. "सेयनी, मला गरगरतंय. माझ्या पोरीला बोलावून घे."

एकतीस वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. सेयनी चपापला. बायकोने नाव घेतलं असतं तरी तो इतका चपापला नसता. पण चाळीस जण त्या दोघांकडे बघत होते आणि पुढचा टोला काय बसतो याची वाट पाहत होते. रागावला तो हरला, आणि फसला तो तर दुप्पट हरला. तपासनीसाची टोपी त्याला आठवली.

"अगं बाई, नाव घेतलं!" तो ओरडला. "मालकाचं नाव घेतलं! मंडळी, मावरी शुद्धीवर आली!"

त्या दिवसातला हा सर्वांत मोठा हशा. देलूने बाही सोडली, खाली बसली, आणि मग रांजणाच्या कुशीला आडवी झाली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. "मेली, मेली! टोपी सांभाळा रे!" सेयनीने रिवाजाप्रमाणे दोन्ही हात वर करून जाहीर केलं, "गेली एकदाची! आता रांजण माझे!" कुणीतरी तिच्या पसरलेल्या तळहातावर कोलाची सुपारी फेकली. ती बरोबर मधोमध पडली.

तळहात मिटला नाही.

देलूने हातात आलेला कोला सोडला, असा प्रसंग यापूर्वी घडल्याची नोंद नाही. सेयनी खाली बसला. तिच्या कपाळाला हात लावला, तो तापल्या तव्यावर पडल्यासारखा उचलला. अंग कोरडं ठणठणीत होतं.

"पाणी!" सेयनी ओरडला. "अरे पाणी आणा, ही खरंच..."

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. जर्मा मावरीसाठी पाणी मागतोय! असा नट झाला नाही, असं मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली. सेयनीने फितीच्या गाठीला हात घातला. शिष्टाचार अधिकाऱ्याने त्याचं मनगट धरलं. "चिटणीससाहेब, अजून नाही. आले पाहुणे, फाटकात आहेत."

आणि खरंच भोंगे वाजले, गाड्या आत आल्या, आणि राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीताला सगळे ताठ उभे राहतात. सेयनीही राहिला. त्याच्या पायाशी देलू होती, हाताशी दोन रांजण भरून पाणी होतं, आणि तो समोर बघत उभा होता. आयुष्यभर तो नेमक्या वेळी ताठ उभा राहत आला होता आणि त्याचं शरीर ते विसरू शकलं नाही. गीत सगळी कडवी धरून वाजवण्यात आलं.

मग फीत कापली गेली. पाहुण्यांनी पहिला पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "केवढं गरम आहे हे!" दुसरा पेला सेयनीने हिसकावून देलूच्या ओठांशी नेला. पाणी गालावरून ओघळून 'थंड राहा' या अक्षरांवर सांडलं. रुग्णालयात नेईपर्यंत पावणेचार झाले होते. चार वाजता, म्हणजे नियम तीनप्रमाणे बाहेर पडायला हरकत नसलेल्या वेळी, ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला निघाले. मावऱ्यांच्या आळीत ही गर्दी. आता जर्माने तिरडी अडवायची, सोंग करायचं, शोक हलका करायचा, रिवाजच तो. सगळे सेयनीकडे बघत होते. देलूची मुलगीही बघत होती.

सेयनी पुढे आला आणि दारात आडवा पडला. लोक कौतुकाने सरसावले.

"हिला मी मारलं," सेयनी म्हणाला. "फीत मी बांधली. घाम संपला म्हणून तिने मला सांगितलं, आणि मी हसलो. पाणी हाताशी होतं आणि मी गाणं ऐकत उभा राहिलो. मला न्या. हिला राहू द्या, मला न्या."

तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

आणि लोक हसायला लागले. आधी एक म्हातारा, मग सगळी आळी. "वा रे जर्मा!" "अस्सं हवं सोंग!" "याच्या बापाच्या वेळी देलूने केलं होतं, त्याची आज फेड झाली बघा." तो जितका जास्त रडला तितके ते जास्त हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, छातीवरचे धोंडे उतरले. हसली नाही ती एकटी मुलगी. मावऱ्यांतल्या वडील माणसाने वाकून सेयनीच्या हातावर कोलाची सुपारी ठेवली. सेयनीने मूठ मिटली आणि वाट सोडली. दुसरं काय करणार?

पंधरवड्याचा अहवाल यथावकाश सादर झाला. उपस्थितांपैकी ९९.८४ टक्के लोक कार्यक्रमानंतर सुखरूप घरी पोचले. एका महिला कर्मचाऱ्याचे दुःखद निधन झाले. सदर कर्मचाऱ्याने नियम ४ चे पालन केलेले दिसत नाही. मूळ मसुद्यात सेयनीने लिहिलं होतं, की तिने नियम ९ चं मात्र तंतोतंत पालन केलं होतं : घाम थांबताच तत्काळ वरिष्ठांना कळवलं होतं, पुढच्या तासाभरात अध्यक्षांनाही, आणि मग पुन्हा वरिष्ठांना. किम्बासाहेबांनी ते वाक्य खोडलं नाही. ते न्यायी माणूस आहेत. त्यांनी पंचेचाळीस मिनिटं विचार करून नियमातच सुधारणा केली. नवा नियम ९ आता सर्व कार्यालयांत लागला आहे : 'घाम थांबल्यास तत्काळ वरिष्ठांना कळवावे. कळवताना थट्टेचा सूर टाळावा.'

सुधारणा योग्यच म्हणायची. रांजण पुन्हा कडुलिंबाखाली आणून ठेवले आहेत. तैलरंग काही निघत नाही, त्यामुळे पाणी गरम असतं आणि ते पीत कुणी नाही. सेयनी रोज सकाळी फाटकातून आत येतो, तिथे क्षणभर थांबतो आणि मग वर जातो.

राहता राहिला आपला, म्हणजे वाचकांचा प्रश्न. आपण हे पंख्याखाली बसून, शेजारी गार पाणी ठेवून वाचत असाल, तर ते नियमांना धरूनच आहे. फक्त अहवाल पूर्ण व्हावा म्हणून एक रकाना भरायचा बाकी आहे. बारा चाळीसला देलू म्हणाली, की माझा घाम संपला, तुम्ही जर्मांनी तोही पिऊन टाकला. नियम ९ आपण तोवर वाचलेला होता. त्याखालच्या दोन रेघाही पाहिल्या होत्या. त्या वाक्याला आपण हसलात की नाही, एवढंच लिहा. उपस्थितांची संख्या मग त्याप्रमाणे ६१३ करून घेण्यात येईल.